हात एक, तोंडं साठ

सप्टेंबरचा पहिला सोमवार होता, आणि सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी एक बटण दाबून एकसष्ट माणसांची तोंडं बंद केली. हातातली कॉफीसुद्धा अजून गरम होती.

रूसे शहराच्या स्टेशनरस्त्यावर, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी आहे. लोक एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून इस्त्री घेतात, चपला घेतात, आणि मग त्या वस्तूखाली चार ओळी खरडतात. त्या चार ओळी जगाला दिसण्याआधी आमच्याकडे येतात. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव सितो, म्हणजे चाळणी. पडद्यावर डावीकडे माणसानं लिहिलेलं जसंच्या तसं, उजवीकडे आम्ही त्यातलं काय काढलं ते, आणि खाली कारण लिहायला एक ओळ. शिव्या, फोन नंबर, शेजाऱ्याचा पत्ता काढायचा. खोटं वाटलं तर अख्खा अभिप्राय झाकायचा. बाकीचं जाऊ द्यायचं. या कामाला लागून मला आठ महिने झाले होते. पहिले चार महिने मी कंटाळलो आणि पुढचे चार महिने हुशार झालो. कंटाळा परवडला असता.

हुशारी अशी की मी चाळणीला एक नियम शिकवला. एकाच कंप्युटरवरून एकाच विक्रेत्याबद्दल दहापेक्षा जास्त अभिप्राय आले, तर ते सगळे, आधीपासून दिसणारेसुद्धा, झाकायचे आणि विक्रेत्याच्या नावापुढे 'संशयित' असं लिहायचं. भाडोत्री कौतुक करणाऱ्या टोळ्या असंच करतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. आमचे साहेब राद्को यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ज्या शाळेत भूगोल आणि कवायत एकाच मास्तरांनी एकाच तासाला शिकवली, तिथून आलेल्या मुलाची पाठ वरचेवर थोपटली जात नाही. मी फुगलो.

पहिल्याच सकाळी जाळं भरून आलं. गेर्गिन नावाचा कुणी कारागीर, मिरच्या भाजायच्या विजेच्या भट्ट्या बनवणारा. एकसष्ट अभिप्राय, सगळे एकाच कंप्युटरवरून. सगळ्यांची सुरुवात 'नमस्कार' आणि सगळ्यांचा शेवट 'आदरपूर्वक'. मी म्हटलं, चोरांना सुद्धा वळण असतं बघा. आणि दाबलं बटण.

साडेनऊला त्या गेर्गिनचाच फोन आला.

"पोरा, माझे तारे कुठे गेले?"

"कसले तारे?"

"पाच होते. रात्री निजलो तेव्हा पाच होते. आता एक नाही, आणि नावापुढे काहीतरी तांबडं लिहिलंय."

"तुमच्या अभिप्रायांची चौकशी चालू आहे," मी कचेरीतला आवाज काढला.

"चौकशी चालू आहे आणि मिरची पिकलीय. दोघींपैकी थांबणार कोण ते सांग."

आमच्याकडे सप्टेंबर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. या पाच आठवड्यांत अख्खा देश लांब लाल मिरच्या पोत्यांनी घरी आणतो, भाजतो, सोलतो, आटवतो आणि बरण्यांत भरतो. अंगण नसेल त्याचा सज्जा धुरानं भरतो. आक्टोबर लागला की भट्टी कुणी फुकट दिली तरी घेत नाही. गेर्गिनच्या कारखान्यात दोनशे चाळीस भट्ट्या तयार पडून होत्या, हाताखाली एक वेल्डर आणि तीन बायका होत्या. आणि दुकानाचा नियम असा, की संशयिताला तीन दिवसांची मुदत. गुरुवारी दुपारी बारापर्यंत डाग धुतला गेला नाही, तर वर्षभर दुकानातून बाहेर.

मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरून त्सोन्कामावशींनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

"एकसष्ट."

"वाचलेस?"

"चाळणीनं पकडले, मावशी."

"मी चाळणीला विचारलं नाही."

त्सोन्कामावशींबद्दल आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे, माझं फक्त बटण.

वय अठ्ठावन्न. दोरीत ओवलेला चष्मा, उन्हाळ्यातही खांद्यावर लोकरीचं जाकीट, आणि टेबलाच्या खणात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पुडी. बियांना कचेरीत बंदी आहे, ती बाकीच्यांना. विशीपासून बावीस वर्षं त्या गावातल्या मोठ्या सरकारी दुकानात होत्या. विकायला हातमोजे नाहीत, बूट नाहीत, त्यांच्याकडे होती 'स्तुती आणि तक्रारींची वही'. प्रत्येक दुकानात तेव्हा ती असायची. पानांना आकडे, पानांमधून ओवलेली सुतळी, सुतळीच्या गाठीवर शिशाचा शिक्का, म्हणजे कुणाला पान फाडता येऊ नये. बाजूला दोरीनं बांधलेली पेन्सिल. कुणाचा बूट तिसऱ्या दिवशी उसवला की तो तणतणत यायचा, लिहायचा, आणि त्सोन्कामावशी ते वाचून कुणाकडे पाठवायचं ते ठरवायच्या.

एकदा वरून तपासनीस यायचा होता आणि वहीत स्तुती कमी होती. मॅनेजर म्हणाला, "त्सोन्का, वेगवेगळ्या अक्षरात पाचसहा चांगले शब्द लिहून टाक." त्या म्हणाल्या, "शब्द लिहिते. बूट विकत घेऊन या, घालून बघते, मग लिहिते." बावीसातली दोन वर्षं त्यांनी बुटांच्या तळघरातल्या गोदामात काढली ती यामुळे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. राद्कोसाहेबांची आई त्याच दुकानात गल्ल्यावर बसायची, तिनं सांगितलं.

पुढे ते दुकान बंद झालं, तिथं मोबाइलवाले आले. मावशींनी बेकरीत काम केलं, एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना सांभाळलं. एक्कावन्नाव्या वर्षी 'वाचणारे हवेत' अशी आमची जाहिरात पाहून त्या आल्या. पहिल्या दिवशी माऊस त्यांनी इस्त्रीसारखा टेबलभर फिरवला असं म्हणतात. आता सात वर्षं झाली. चाळणीत उजवीकडच्या रकान्यात शब्द घालायचीही सोय आहे. बोबडं वाक्य सरळ करावं म्हणून ती ठेवलीय. मावशींनी ती सात वर्षांत एकदाही वापरली नाही. काढतात, घालत काही नाहीत. "लंगडं वाक्य असेल तर लंगडत जाईल," म्हणतात. "तू कशाला त्याला कुबडी देतोस?"

तर त्या सोमवारी त्यांनी एकसष्ट अभिप्राय आपल्या पडद्यावर ओढून घेतले आणि वाचायला लागल्या. ओठ हलवत, पुटपुटत, मधेच बी फोडत. जेवणाच्या सुट्टीत उठल्या नाहीत. मी चीज भरलेला गरम बानित्सा आणून दिला, तो तसाच गार झाला. तीनच्या सुमाराला त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं आगस्टचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यावर चौकोन काढायला लागल्या.

"मावशी, हे काय?"

"गाव."

"कुठलं?"

"नाव नाही ठाऊक. इकडे ये."

मी खुर्ची सरकवली. त्या पडद्यावर बोट ठेवत गेल्या.

"ही येवदोकिया. 'भट्टी चांगली आहे पण झाकणाचा दांडा तापतो, मी नवऱ्याचा मोजा गुंडाळते, त्याला आता मोज्यांची गरज नाही.' ही विधवा. ही दुसरी, 'तार आखूड आहे, बाहेरच्या चुलीपर्यंत पोचत नाही, म्हणून खिडकीतून काढते.' आता ही एलिसावेता बघ. नववा अभिप्राय. 'भट्टी लावली की फ्यूज जातो, पण तो भट्टीचा दोष नाही, शेजारणीचा आहे, ती मुद्दाम माझ्याच वेळेला लावते.' बघितलंस?"

"बघितलं."

"आता बेचाळिसावा वाच."

बेचाळिसावा त्रेंदाफिल्का नावाच्या बाईचा होता. 'माझी भट्टी उत्तम आहे. खांब एकच आहे आणि समोरची एलिसावेता सकाळी सहाला उठून लावते, म्हणजे मला वीज मिळू नये. ती' आणि पुढे एक शब्द.

मी नववा परत उघडून पाहिला.

"पोरा, भाडोत्री माणूस खोटं लिहितो ते कौतुक लिहितो. फार तर एक खोटी तक्रार घालतो, खरं वाटावं म्हणून. पण भांडणाच्या दोन्ही बाजू, मधे बत्तीस अभिप्राय सोडून, दोघी आपापल्या जागी बरोबर? असं लिहिणारा असेल तर त्याला पकडू नको, त्याला पगार दे."

"पण मावशी, सगळे 'नमस्कार', सगळे 'आदरपूर्वक'. एकच कंप्युटर."

"हात एकच आहे. तोंडं साठ आहेत."

"एकसष्ट," मी म्हणालो. चूक दुरुस्त करायची ही एकच संधी मला दिवसभरात मिळाली होती.

"साठ," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस नंबरच्या बाईनं मिरची भाजलेली नाही."

मग कॅलेंडरच्या पानावरचे चौकोन मला समजायला लागले. 'मी फक्त मंगळवारी भाजते' लिहिणाऱ्या चौघी एका खांबाखाली, कारण एका तारेवर चारापेक्षा जास्त भट्ट्या चालत नाहीत आणि बायकांनी वार वाटून घेतलेत. गुरुवारवाल्या दुसऱ्या खांबाखाली. एकीनं लिहिलं होतं की धूर देवळात जातो आणि पाद्री खोकतो. तिचं घर देवळाला लागून. एक म्हणत होती, माझ्यापुढे फक्त स्मशान आहे, तरी माझ्यापर्यंत वीज येते. तिचा चौकोन कागदाच्या अगदी कडेला. साठ बायका भट्टीबद्दल बोलत होत्या आणि त्यांच्या बोलण्यातून मावशींनी रस्ते काढले, विहीर काढली, एक कुत्रं काढलं. मी आठ महिने तोच पडदा बघत होतो. मला त्यात फक्त तारे दिसायचे.

राद्कोसाहेबांनी कागद उलटासुलटा केला. "मावशी, हे मी दुकानवाल्यांना कसं पाठवू? त्यांना पुरावा लागतो. वस्तू, बिल, फोटो."

"मग जाऊन आणते."

"कुठून? गावाचं नाव माहीत नाही म्हणता."

गाव गेर्गिननं सांगितलं. फोनवर म्हणाला, "गेल्या साली एकदम साठ भट्ट्या मी एकाच ठिकाणी पाठवल्या होत्या, ताई, ब्रेस्तोवोला, वाचनगृहाच्या पत्त्यावर. मला वाटलं शाळेला हव्यात."

बुधवारी सकाळच्या बसनं मावशी आणि मी ब्रेस्तोवोला गेलो. मला शिक्षा म्हणून नेलं होतं; फोटो काढायचे होते, आणि पाय माझे तरुण. गाव यायच्या आधी त्याचा वास बसमध्ये आला, करपलेल्या सालीचा आणि गोडसर धुराचा. मावशी उतरल्या, कॅलेंडरचं पान उघडलं आणि कुणाला न विचारता चालू लागल्या.

"आता विहीर येईल."

विहीर आली.

"इथून डावीकडे. त्रेंदाफिल्काचं फाटक, समोर एलिसावेता. मधे काळं कुत्रं असेल."

फाटक होतं. समोर दुसरं फाटक होतं. दोन्हींच्या मधोमध विजेचा खांब, आणि खांबाला पाठ लावून एक कुत्रं झोपलेलं, पांढरंशुभ्र.

"कुत्रं काळं नाही, मावशी," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं.

त्या कुत्र्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "रंग कुणी लिहिला नव्हता. तो मी मनानं घातला," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पेन्सिल काढून कागदावर काहीतरी खोडलं. इतकं लाजलेलं मी त्यांना नंतरही कधी पाहिलं नाही.

पण कुत्रं सोडलं तर सगळं तिथं होतं. देवळाला लागून धूर, धुराखाली बाई. खिडकीतून काढलेली तार. झाकणाच्या दांड्याला गुंडाळलेला पुरुषाचा करडा मोजा. आजवर मी कागदावरून गाव ओळखणारी माणसं पाहिली होती. न पाहिलेलं गाव कागदावर उतरवणारं माणूस हेच पहिलं, आणि ते माझ्याच शेजारी बसून बिया फोडतं. रस्त्याच्या मधे उभा राहून मी एकदा कागदाकडे, एकदा गावाकडे बघत राहिलो. मग मी फोटो काढायला लागलो.

वाचनगृहात स्तेफ्का नावाची चाळिशीची बाई होती. पुस्तकं तीच द्यायची, वीजबिलं तीच भरून द्यायची, गावातला एकमेव चालू कंप्युटर तिच्या टेबलावर.

"साठ जणींसाठी एकदम मागवल्या म्हणजे पोचवायचा खर्च पडत नाही," ती म्हणाली. "मग दर सोमवारी बिल भरायला आल्या की मी एकेकीला बसवायची. म्हटलं, वस्तू घेतली, आता तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय जायचं नाही. त्या बोलतात, मी टाइप करते. वरचा नमस्कार आणि खालचं आदरपूर्वक माझं. मधलं त्यांचं, अक्षरही बदललं नाही."

"सगळ्यांचं?" मावशींनी विचारलं.

"सगळ्यांचं."

"सत्तेचाळीस नंबरला लिहिलंय, 'उत्कृष्ट दर्जा, प्रत्येक सुगृहिणीच्या घरी असावी अशी वस्तू'."

स्तेफ्कानं टेबलावरचा रबरी शिक्का उचलला, परत ठेवला. "ते माझं," ती म्हणाली. "सगळ्या गावाचं लिहिलं आणि माझंच नाही, बरं नाही वाटलं. माझ्याकडे भट्टी नाही. एकटीला मिरच्या लागतात किती."

"मग तेच लिहायचं होतं, पोरी," मावशी हळूच म्हणाल्या. "ते मी जाऊ दिलं असतं."

चार वाजेपर्यंत मी त्रेपन्न अंगणं हिंडलो. प्रत्येक भट्टीच्या बुडाशी आकडा कोरलेला असतो, त्याचा फोटो, शेजारी मालकीण. आणि प्रत्येक अंगणात, "भाजलेली एक तरी खाऊन जा." शेवटी मला श्वासही तांबडा येत होता. एलिसावेताच्या अंगणात विचारलं, "समोरच्या बाईंची काही तक्रार?" ती म्हणाली, "कोण समोरची? समोर खांब आहे." सात घरं राहिली आणि पाचची बस शेवटची. मी मावशींना म्हटलं, त्रेपन्न पुरतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या नियमाला एकसष्ट पुरले नाहीत."

आम्ही थांब्यावर आलो तर तिथं सात बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या काखेत एप्रनमध्ये गुंडाळलेली भट्टी, काहींची अजून कोमट. स्तेफ्कानं निरोप धाडला होता. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "आज्यांनो, ह्या सगळ्या चढवायच्या असतील तर सामानाचं तिकीट पडेल." रांगेच्या टोकाची, जिच्यापुढे फक्त स्मशान आहे ती, म्हणाली, "तू गप बस आणि इंजिन चालू ठेव. या पोराला फोटो काढायचेत." त्यानं इंजिन चालू ठेवलं. मी सात फोटो काढले.

गुरुवारी साडेदहाला मावशींनी चाळणी उघडली आणि एकेक अभिप्राय परत वर आणला. साठही एकदम आणायचं बटण आहे. ते मी दाखवलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात मागे घेतला. बेचाळिसाव्यातला, पहिल्या खेपेला कुणाच्या तरी नजरेतून सुटलेला तो एक शब्द त्यांनी काढला. कुठला ते मी सांगणार नाही, पण तो काढल्यावर त्रेंदाफिल्काचं वाक्य अधिकच झोंबायला लागलं. सत्तेचाळीस झाकलेलाच राहिला. कारणाच्या ओळीत त्यांनी लिहिलं: 'वाचले. साठ खरे. एक झाकून ठेवावा, लिहिणारीकडे भट्टी नाही.' राद्कोसाहेबांनी ती ओळ, फोटो आणि कॅलेंडरचं पान पाठवलं. बाराला दहा मिनिटं कमी असताना तांबडं अक्षर गेलं आणि पाचही तारे आले. चाळणीतला माझा नियम मी स्वतःच पुसला. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

दोनशे चाळीस भट्ट्या महिनाअखेरीला संपल्या. आक्टोबरच्या पहिल्या शनिवारी गेर्गिन स्वतः कचेरीत आला. ठेंगणा माणूस, हाताला वेल्डिंगचे डाग. काखेत दोनशे एकेचाळिसावी भट्टी. ती त्यानं मावशींच्या टेबलावर ठेवली.

"ताई, ही तुमची."

"ज्याचं वाचते त्याचं घेत नाही."

"अहो, मोसम संपला. आता हिला विचारतो कोण?"

"मग पुढच्या मोसमाला विक."

"बारा किलो परत घेऊन जाऊ? बसनं?"

त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागल्या. तो बिचारा उभा. मला कीव आली. खरं तर लाज आली, पण लाजेला मी बाहेर कीवच म्हणतो. मी भट्टी विकत घेतली, दुकानाच्या किमतीला, बिलासकट. गेर्गिननं पैसे मोजून खिशात घातले आणि दारात वळला.

"पैशांनी आपलं फिटलं नाही, पोरा. तू माझे एकसष्ट झाकलेस, एक अजून झाकलेलाच आहे. माझ्या हिशेबानं तू मला एक अभिप्राय देणं लागतोस. तीन ओळी. भाजून बघ आणि खरं काय ते लिही."

"लिहितो," मी म्हणालो. "येत्या आठवड्यात."

त्याला आता दोन सप्टेंबर उलटले. भट्टी माझ्या सज्ज्यात आहे. मी तिच्यात तीन पोती मिरच्या भाजल्यात. दांडा तापतो, पण ते येवदोकियानं लिहून ठेवलंय, आणि मोज्यासकट लिहिलंय. तार आखूड आहे, तेही झालंय. रविवारी मी दुकानाच्या पानावर अभिप्रायाची चौकट उघडून बसतो, 'चांगली आहे' लिहितो, आणि सोमवारी शेजारच्या टेबलावर ते ओठ हलवत वाचलं जाणार हे आठवून पुसतो. दर मोसमाला गेर्गिनचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही.

"माझ्या तीन ओळी?"

"भाजतोय," मी सांगतो.